अपराध्याचे घर

दिवाळीच्या दिवसांत तुरुंगाविषयी लिहिणे कित्येकांना औचित्याला सोडून वाटेल. फराळाचे ताट पुढे यावे आणि कोणी बेड्यांची गोष्ट काढावी, तसाच हा प्रकार. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल, की आपली दिवाळी मुळी एका बंदिशाळेच्या दारातूनच घरात येते. नरकासुराने कोंडून ठेवलेल्या सोळा सहस्र स्त्रियांची श्रीकृष्णाने सुटका केली, तो दिवस आपण अभ्यंगस्नान करून साजरा करतो. सुटका करणारा तो देवही जन्मला कारागृहातच. तेव्हा बंदिवान आणि त्यांची मुक्तता हा विषय या सणाला परका नाही. फरक इतकाच, की आपल्या कथांतले हे बंदिवान निरपराध असतात. देवकी-वसुदेवांनी काही गुन्हा केलेला नव्हता. त्या स्त्रियांनीही नव्हता. त्यामुळे त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आणताना आपल्याला काही द्यावे लागत नाही. ज्याने खरोखरच अपराध केला आहे असा बंदिवान समोर आला, म्हणजे मात्र आपली सहानुभूती उंबऱ्यावरच थबकते.

अलीकडच्या काळात अमेरिकेत तयार झालेले दोन अनुबोधपट पाहताना हाच उंबरा मला पुन्हा पुन्हा आडवा आला. एक, एव्हा ड्यूव्हर्ने यांचा ‘थर्टीन्थ’, २०१६ सालचा. आणि दुसरा, गॅरेट ब्रॅडली यांचा ‘टाइम’, २०२० सालचा. दोन्ही दिग्दर्शिका अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातल्या. दोघींचा विषयही एकच: त्या देशातले तुरुंग आणि त्यांत कोंडलेली काळी माणसे. पण एकीने त्या विषयाचा खटला मांडला आहे आणि दुसरीने त्याचा संसार मांडला आहे. खटला मोठ्या कौशल्याने मांडलेला असूनही संसारच मनात अधिक खोल का उतरतो, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

पहिल्या चित्रपटाचे नाव अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीवरून पडले आहे, आणि त्या घटनेशी महाराष्ट्राचे एक जुने नाते आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी निःस्वार्थपणे झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. साता समुद्रांपलीकडचे ते मुक्तिकार्य शूद्रातिशूद्रांच्या या कैवाऱ्याला आपल्या घरचे वाटले. त्या कार्यावर कायद्याची मोहोर उठली ती १८६५ च्या या घटनादुरुस्तीने. जोतीरावांची कृतज्ञता मुळीच अस्थानी नव्हती. परंतु त्या दुरुस्तीच्या वाक्याच्या पोटात एक अपवाद दडलेला होता. गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी यापुढे या देशात असणार नाही, असे ते वाक्य सांगते. मात्र रीतसर दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षा म्हणून ती देता येईल, असेही त्याच दमात सांगते.

अपवादाच्या या फटीतून पुढे केवढे मोठे गाडे गेले, त्याची कथा म्हणजे ‘थर्टीन्थ’. यादवी युद्ध संपले तेव्हा दक्षिणेतल्या मळेवाल्यांचे चाळीस लक्ष गुलाम मोकळे झाले. मळे तर तसेच उभे. मग दक्षिणेतल्या राज्यांनी कायदे केले: कामधंद्यावाचून हिंडणे हा गुन्हा, मालकाला सोडून जाणे हा गुन्हा. काल जो गुलाम होता तो आज गुन्हेगार झाला, आणि सरकार त्याला खाणमालकांना, रेल्वेवाल्यांना, मळेवाल्यांना भाड्याने देऊ लागले. कैदी भाड्याने देण्याची ही पद्धत अलाबामा राज्यात १९२८ सालापर्यंत चालू होती. गुलाम मेला तर मालकाचे पैसे बुडत. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. ज्या मुक्ततेला पुण्यातून नमस्कार पोचला होता, तिच्या मागच्या दाराने हा व्यवहार चालला होता.

ड्यूव्हर्नेबाईंच्या चित्रपटाचे बळ त्याच्या गतीत आहे. शंभर मिनिटांत त्या दीडशे वर्षांचा पल्ला गाठतात आणि प्रेक्षकाला श्वास घ्यावयास फारशी उसंत देत नाहीत. आकडे पडद्यावर एकामागून एक येतात. १९७० साली त्या देशात सुमारे साडेतीन लाख बंदिवान होते; १९८० साली पाच लाखांहून अधिक; १९९० साली पावणेबारा लाख; २००० साली वीस लाख; २०१४ साली तेवीस लाख. जगातल्या माणसांपैकी पाच टक्के माणसे या देशात, पण जगातल्या बंदिवानांपैकी पंचवीस टक्के बंदिवान या देशात, हे विधान चित्रपटाच्या प्रारंभीच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या आवाजात ऐकू येते. पुढे ही संख्या काहीशी उतरली आहे. पण चित्रपटाने विचारलेला प्रश्न उतरलेला नाही: एवढी माणसे एकाएकी बिघडली कशी?

ती बिघडली नाहीत, कायदे बदलले, असे चित्रपटाचे उत्तर आहे. १९७१ साली निक्सन यांनी मादक पदार्थांविरुद्ध मोहीम पुकारली आणि पुढे रेगन यांनी तिला धार लावली. १९८६ च्या कायद्याने असे ठरवले, की पाचशे ग्रॅम कोकेनची पूड जवळ बाळगून विकणाऱ्याला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच शिक्षा अवघे पाच ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला. पूड आणि क्रॅक ही एकाच कोकेनची दोन रूपे. पण पूड सुखवस्तू गोऱ्यांच्या मेजवान्यांत असे आणि क्रॅकचे खटले मुख्यतः काळ्या वस्त्यांवर भरले जात. कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नाही, आणि तरीही तो वर्ण ओळखतो. २०१० साली हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एक इतके खाली आणण्यात आले, म्हणजे अन्याय संपला नाही, त्याचे वजन तेवढे घटले. १९९४ साली क्लिंटन यांच्या सहीने जो जबर कायदा झाला त्यात तर दोन्ही पक्षांचे हात होते. सत्ता म्हणजे दर वेळी चाबूक घेतलेला माणूस नव्हे. कायद्यातल्या एका आकड्याच्या रूपानेही ती नांदू शकते, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा अनुबोधपट माझ्या पाहण्यात नाही.

चित्रपटाच्या चित्रभाषेतही हीच नजर आहे. जेव्हा जेव्हा ‘गुन्हेगार’ हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा तेव्हा तो टोलेजंग अक्षरांत पडद्यावर उमटतो. पाचदहा वेळा तो पाहिला, म्हणजे शब्दाचा अर्थ गळून पडतो आणि नुसता शिक्का उरतो. ग्रिफिथच्या १९१५ सालच्या ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ या मूकपटातला पिसाट काळा पुरुष त्या आपल्याला दाखवतात, आणि मग वृत्तपटांतून हातकड्या घालून नेली जाणारी काळी तरुण पोरे दाखवतात. या दोन चित्रांच्या मध्ये शंभर वर्षे आहेत, पण पाहणाऱ्याची भीती तीच आहे. चित्रपट हे माध्यम या पापात स्वतः सामील होते, ही जाणीव एका चित्रपटानेच द्यावी, यात मोठा प्रामाणिकपणा आहे. डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेतले उद्गार ऐकवता ऐकवता त्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे एक दृश्य लावतात: सूट घातलेला, डोक्यावर हॅट असलेला एक काळा गृहस्थ जमावाच्या धक्क्याबुक्क्या सोसत न धावता चालला आहे. त्या चालण्याबद्दल निवेदनात एक शब्दही नाही, आणि तेच या चित्रपटातले सर्वांत बोलके स्थळ आहे.

एवढे ऋण मान्य करूनही दोन आक्षेप नोंदवल्यावाचून राहवत नाही. पहिला असा, की चित्रपटाने गुलामांच्या मळ्यापासून आजच्या तुरुंगापर्यंत जी रेषा ओढली आहे, ती वाजवीपेक्षा सरळ आहे. कैद्यांवर पैसा करणाऱ्या कंपन्यांना त्याने मोठी जागा दिली आहे. परंतु खाजगी तुरुंगांत त्या देशातले जेमतेम आठ टक्के कैदी आहेत. बाकीचे सरकारी भिंतींआड आहेत. काम करणारे कैदीही बहुतेक तुरुंगाचीच भांडी घासतात, कपडे धुतात, फरशा पुसतात. दक्षिणेतल्या काही राज्यांत त्याचा एक पैसाही मिळत नाही. म्हणजे अन्याय आहेच, पण तो केवळ नफ्यासाठी चाललेला नाही. भीतीसाठी, मतांसाठी, आणि पुष्कळदा निव्वळ निष्काळजीपणाने चाललेला आहे. जेम्स फोरमन यांनी २०१७ सालच्या ‘लॉकिंग अप अवर ओन’ या पुस्तकात दाखवून दिले आहे, की वॉशिंग्टन शहरात कडक शिक्षांची मागणी करणाऱ्यांत काळे पुढारी आणि काळे नागरिकही होते; त्यांची मुले रस्त्यावर मरत होती आणि त्यांना कोणतेतरी संरक्षण हवे होते. चित्रपट ही गोष्ट ओझरती सांगतो आणि पुढे धावतो. तेथे तो थांबता, तर त्याची कथा अधिक दुःखद झाली असती आणि अधिक खरीही.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चित्रपटाचे हृदय जर कोणा एका माणसाच्या कहाणीत असेल, तर ते कलीफ ब्राउडर या मुलाच्या कहाणीत आहे. २०१० साली, सोळा वर्षांचा असताना, कोणाची तरी पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून त्याला न्यूयॉर्कमध्ये पकडले. जामिनाचे तीन हजार डॉलर घरच्यांजवळ नव्हते. न केलेला गुन्हा कबूल करून सुटण्यास त्याने नकार दिला. खटला न चालताच तो तीन वर्षे रायकर्स बेटावरच्या तुरुंगात राहिला, त्यांपैकी बराच काळ एकांतकोठडीत. २०१३ साली आरोप मागे घेतले गेले आणि तो सुटला. २०१५ साली त्याने आत्महत्या केली. ही कहाणी ऐकून ज्याचे मन हलणार नाही असा माणूस विरळा. पण ती निरपराधाची कहाणी आहे. शिक्षा भोगून आलेली माणसेही या चित्रपटात बोलतात, आणि छान बोलतात. पण ती बोलतात ती बहुतांशी व्यवस्थेविषयी. अमेरिकेच्या राज्य-तुरुंगांतले निम्म्याहून अधिक कैदी हिंसेच्या गुन्ह्यांसाठी आत आहेत. त्यांच्यापुढे हा चित्रपट आपल्याला फारसा उभा करीत नाही. वकील ज्याप्रमाणे आपल्या अशिलांपैकी सर्वांत निष्कलंक माणसाला आधी साक्षीला बोलावतो, त्याप्रमाणे तो निष्कलंकाला पुढे करतो. खटल्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. परंतु ज्या घटनादुरुस्तीने दोषी माणसाला स्वातंत्र्याच्या वचनातून वगळले, तिच्याविरुद्धच्या चित्रपटाने आपल्या करुणेतूनही दोषी माणसाला काहीसे वगळावे, ही विसंगती मनाला टोचत राहते.

नेमक्या याच जागी ‘टाइम’ सुरू होतो. फॉक्स आणि रॉब रिचर्डसन हे लुइझियाना राज्यातले तरुण जोडपे. कपड्यांचे दुकान काढलेले, ते बुडावयास लागलेले. १९९७ साली श्रीव्हपोर्ट येथे त्यांनी एका पतपेढीवर दरोडा घातला. गाडी फॉक्सने चालवली. दोघेही पकडले गेले. ती साडेतीन वर्षांनी बाहेर आली. त्याला साठ वर्षांची सजा झाली, मुदतीपूर्वी सुटण्याची आशा ठेवावयास जागा नाही अशी. त्या दरोड्यात कोणी दगावले नव्हते. घरी लहान मुले होती, आणि पोटात जुळी होती.

अपराध झाला होता हे हा चित्रपट लपवत नाही, आणि फॉक्सही नाकारत नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो: होय, अपराध केला, पण त्याची किंमत किती? आणि ती नेमकी कोणी चुकवावयाची? या प्रश्नाचे उत्तर ब्रॅडलीबाई आकड्यांत देत नाहीत. नवरा तुरुंगात असताना फॉक्सने वर्षानुवर्षे एका साध्या घरगुती कॅमेऱ्याने मुलांची चित्रे टिपून ठेवली होती. तो आला म्हणजे त्याला हे गेलेले दिवस पाहावयास मिळावेत, एवढाच हेतू. ही सुमारे शंभर तासांची शिदोरी तिने दिग्दर्शिकेच्या हाती दिली, आणि जो लघुपट व्हावयाचा होता त्याचा ऐंशी मिनिटांचा चित्रपट झाला. आजची दृश्ये आणि कालची दृश्ये, सारी कृष्णधवल, एकमेकांत मिसळून जातात. रांगणारे पोर एका क्षणी दाढी करू लागते. खाली एमाहॉय गेब्रू या इथिओपियातल्या संन्यासिनीने वाजवलेला पियानो चाललेला असतो, पावसाच्या थेंबांसारखा, ठेक्याची फारशी पर्वा न करता.

चित्रपटाचे मर्म एका दूरध्वनीच्या प्रसंगात आहे. रॉबच्या अर्जावर न्यायाधीशांचा हुकूम झाला की नाही, हे विचारण्यासाठी फॉक्स कचेरीत फोन करते. ती थांबते. पलीकडून कोणीतरी सांगते, अजून काही आलेले नाही. ती गोड आवाजात आभार मानते. पुन्हा फोन, पुन्हा थांबणे, पुन्हा तेच उत्तर आणि तेच आभार. कित्येक वेळा हे झाल्यावर मात्र तिचा बांध फुटतो, आणि त्या गोड आवाजाखाली एवढी वर्षे काय दाबून ठेवले होते ते कळते. येथे कोणी क्रूर माणूस नाही. कारकून आपले काम करीत आहे. पण एकीचे आयुष्य थांबले आहे आणि दुसऱ्या बाजूस कोणालाही घाई नाही. सत्ता म्हणजे दुसऱ्याला वाट पाहावयास लावण्याचा अधिकार, हे या प्रसंगात जितके कळते, तितके ‘थर्टीन्थ’मधल्या विद्वानांच्या मुलाखतींतून कळत नाही. ज्याने सरकारी कचेरीच्या बाकावर दिवस काढले आहेत अशा कोणत्याही वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

‘टाइम’ निर्दोष आहे असे मात्र नाही. त्या दिवशी पतपेढीत ज्यांनी बंदूक पाहिली, त्यांच्या रात्री कशा गेल्या, हे चित्रपट विचारत नाही. विचारले असते तर त्याची बाजू दुबळी झाली नसती. उलट, एवढे ऐकूनही साठ वर्षे अधिकच होतात, हे म्हणण्याचे बळ तिला आले असते.

मराठी प्रेक्षकाला या संदर्भात शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा बोलपट आठवल्यावाचून राहणार नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुल्या तुरुंगाचा जो प्रयोग झाला, त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी ती कथा रचली. त्यातले सहाही कैदी खुनी होते, आणि तरी आपण त्यांच्यावर प्रेम केले. परंतु तेथे माणुसकी आणणारा एक देवमाणूस जेलर होता. त्याचे दोन डोळे त्या बारा हातांवर होते. सुधारणा वरून खाली येत होती. ‘टाइम’मध्ये असा कोणी जेलर नाही. रॉबला माणूस म्हणून टिकवून धरणारे डोळे आहेत ते बायकोचे आणि मुलांचे, आणि तेही भिंतीबाहेरचे. बापूंचा बोलपट एका भल्या अधिकाऱ्याविषयी आपल्याला आशा देतो. हा अनुबोधपट मात्र विचारतो, की असा अधिकारी न भेटल्यास काय?

ती भिंतही साधी नाही. रॉब होता तो अंगोलाचा तुरुंग. तीन बाजूंनी मिसिसिपी नदी, अठरा हजार एकर जमीन, आणि त्या जमिनीवर पूर्वी गुलामांचा मळा होता. आफ्रिकेतल्या ज्या प्रदेशातून गुलाम आणले त्याचे नावही तसेच राहिले. आजही तेथे कैदी शेतात राबतात. १९९८ साली ‘द फार्म’ या अनुबोधपटाने कॅमेरा या तुरुंगात नेला. त्याच्या दिग्दर्शकांपैकी विल्बर्ट रिडो हे तेव्हा तेथलेच कैदी होते. एका कैद्याची वर्षांची आशा मंडळापुढे येते आणि तो बाहेर जाताच काही क्षणांत निकालात निघते, ते दृश्य विसरता येत नाही. परंतु तुरुंगात शिरणारा कॅमेरा एरवी तुरुंगाच्या परवानगीनेच शिरतो. म्हणूनच कॅनडाच्या ब्रेट स्टोरी यांनी २०१६ साली उलट वाट धरली: त्यांच्या ‘द प्रिझन इन ट्वेल्व्ह लँडस्केप्स’मध्ये तुरुंग जवळजवळ शेवटपर्यंत दिसतच नाही. दिसते ती रात्रीच्या बसने दूरच्या तुरुंगाकडे भेटीस निघालेली कुटुंबे. तुरुंगाच्या नियमांत बसणाऱ्या वस्तूच विकणारे एक दुकान. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर तुरुंगातल्या नोकऱ्यांची वाट पाहणारे एक गाव. आणि २०२५ सालच्या ‘द अलाबामा सोल्यूशन’मध्ये तर कैद्यांनीच चोरून मिळवलेल्या फोनवर आतली चित्रे टिपून बाहेर पाठवली आहेत. कॅमेरा कोणाच्या हातात, यावर तुरुंगाचे चित्र ठरते. फॉक्सच्या हातातला तो घरगुती कॅमेरा म्हणूनच एवढा मोलाचा. पहारेकऱ्याला त्याच्यावर हुकूम चालवता येत नव्हता.

२०१८ साली, एकवीस वर्षांनंतर, रॉब सुटतो. मिठी आहे, अश्रू आहेत, घर आहे. आणि मग अखेरीस दिग्दर्शिका ती जुनी चित्रे उलटी फिरवतात. मोठी झालेली मुले लहान होत जातात, पाण्यात उडी घेतलेले पोर पुन्हा काठावर येते, दिवस मागे मागे धावतात. चित्रपटाला हे करता येते. न्यायालयाला येत नाही. माणूस परत देता येतो. मुलांची बालपणे परत देता येत नाहीत. ज्यांनी दरोडा घातला नव्हता, त्या सहा मुलांनीही ती सजा भोगली.

त्या घटनादुरुस्तीतला अपवाद अजून तसाच आहे. काही राज्यांनी आपापल्या घटनांतून तो काढून टाकला आहे. २०१८ साली कोलोरॅडोने वाट दाखवली आणि २०२२ साली आणखी चार राज्ये त्या वाटेने गेली. परंतु २०२२ सालीच अंगोला ज्या राज्यात आहे त्या लुइझियानातल्या मतदारांनी असा ठराव फेटाळला, आणि २०२४ साली पुढारलेल्या म्हणून नावाजलेल्या कॅलिफोर्नियानेही फेटाळला. ‘थर्टीन्थ’ बारा वेळा पाहूनही असे मत देता येईल, कारण कलीफसाठी रडणे आणि रॉबला वगळणे या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदतात. ‘टाइम’ पाहिल्यावर ते जरा जड जावे. अपराध्यालाही घर असते, एवढीच साधी गोष्ट तो दाखवतो.

नरकचतुर्दशीची आपली कथाही सोळा सहस्रांच्या सुटकेवर संपत नाही. मरता मरता नरकासुराने वर मागितला, की माझ्या मृत्यूच्या दिवशी लोकांनी मंगलस्नान करावे. आणि देवाने तो दिला, असे सांगतात. आपण भल्या पहाटे उटणे लावतो, ते त्या अपराध्याच्या शब्दाखातरही. हे अनुबोधपट मुलांसह पाहण्याजोगे आहेत की नाही, असे कोणी विचारील. जाणत्या मुलांसह जरूर पाहावेत, आणि ‘टाइम’ आधी पाहावा.